उलटा कित्ता

धसई, ता. मुरबाड
९ नोव्हेंबर १९५८

प्रिय गोदूताई,

फराळाचा डबा पोचला. एस.टी.च्या टपावर करंज्यांचा चुरा झाला होता, पण चव मावशीच्या हातचीच. तिला सांग.

या पत्राचं अक्षर बघून काही ओळखलंस? बोरूने लिहिते आहे. लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून सुटलेला हात या पावसाळ्यात पुन्हा धरला. दुपारी हे वखारीत गेले की पाटावर कागद घेते. शहापूरला तुमच्या ओसरीवर नाना लेकीला आणि भाचीला, आपल्या दोघींना, बसवायचे, तशीच. मावशी आतून ओरडायची, "पोरींना भाकऱ्या शिकवा, बोरू काय शिकवताय?" आणि नाना ऐकूच न आल्यासारखे आपल्या बोरूंना काप देत राहायचे. त्यांनी दिलेला कित्ता अजून माझ्या ट्रंकेत आहे. कसरीने कडा खाल्ल्यात. अक्षरं मात्र तशीच ताठ. हात अजून थरथरतो. 'क्ष' बसत नाही. पण एखाद्या दुपारी एखादी वेलांटी मनासारखी उतरते आणि संध्याकाळी चूल पेटवताना सुद्धा ती डोळ्यांपुढून जात नाही. इतक्या वर्षांत फक्त माझी अशी ही एकच गोष्ट.

आणि तीच आता लोकांच्या हाती गेली आहे. ह्यांनी कौतुकाने माझे कागद दादासाहेबांना दाखवले. दादासाहेब म्हणजे कोळशाचे ठेकेदार, ज्यांच्याकडे हे कारकून आहेत. आम्ही राहतो ते घरही त्यांचंच. जानेवारीत त्यांची साठी. सत्कार समितीने मानपत्राचा मजकूर तयार केला आहे आणि तो मी लिहायचा आहे.

परवा ते स्वतः आले. पानाने तोंड भरलेलं. माझे कागद उलटताना दर वेळी बोट जिभेला लावत होते. माझ्या 'ज्ञ'वर लाल ओला ठसा उठला. म्हणाले, "वहिनी, असं लिहा की माणूस चालता चालता थांबला पाहिजे." जाताना बोटावरचा चुना दाराच्या चौकटीला पुसला. मी पाणी ओतलं, चिंधीने घासलं. चौकट स्वच्छ झाली, पण तिला हात लावून आत यायला अजून नको वाटतं. तो कागद चुलीत घातला.

दुकानातली शाई जाड कागदावर फुटते. नानांची हिरड्याची शाई कशी करायची ते लिही.

तुझी,
यमू

*

शहापूर
१७ नोव्हेंबर १९५८

प्रिय यमू,

तुझं पत्र मी आधी वाचलंच नाही, नुसतं बघितलं. 'ग'चा काना अजून बाहेर झुकतो तुझा. नाना असते तर पट्टी मारली असती आणि मग आत जाऊन डोळे पुसले असते. मी गेली पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी, शाळेच्या वह्या तपासून झाल्या की, एक कागद लिहिते. कुणासाठी नाही. लिहिते आणि ठेवून देते. मला वाटत होतं या घराण्यातला शेवटचा बोरू माझाच.

शाई अशी: सुके हिरडे कुटून रात्रभर भिजत घाल. सकाळी मंद विस्तवावर निम्मं होईतो उकळ, गाळ. मग हिराकस चिमटी चिमटीने. शेवटी बाभळीचा डिंक. लिहिताना फिकी दिसेल, घाबरू नकोस, वाळता वाळता काळी होते. वास घाण येतो, त्याला इलाज नाही. आणि हिराकसला हात आखडता ठेव. जास्त झाला की शाई आज झकास दिसते आणि पुढे काही वर्षांनी कागद खाते.

ठेकेदार पान खातो म्हणून तू अक्षरावर रुसणार का? तू लहानपणापासून अशीच. कुणी शिंकलं तरी ताट सरकवायचीस. नाना काय सांगत? मजकूर वाचायचा नाही, वाचलं की हात बिघडतो. म्हणून तर ते आपल्याला कित्ता उलटा ठेवून गिरवायला लावत, डोकं खाली पाय वर. उलटा धरला की शब्द दिसत नाही, नुसतं वळण दिसतं. तसाच तो मानपत्राचा मजकूर उलटा ठेव आणि खुशाल लिही. मजकूर समितीचा, वळण आपलं.

इतक्या वर्षांनी तुझं अक्षर चार माणसांत जाणार, याचा मला आनंद झाला आहे.

तुझी ताई,
गोदू

*

धसई
२ डिसेंबर १९५८

प्रिय गोदूताई,

शाई झाली. वास तू म्हणालीस त्याहून घाण आहे. पण मी लिहिते आहे ते वासाबद्दल नाही. पानाबद्दलही नव्हतं बहुतेक. तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं इतकंच.

माझ्याकडे भांड्यांना चिमी येते. पलीकडच्या कातकरवाडीतली, वीस-बावीस वर्षांची, विधवा. हिरडे तिनेच आणून दिले. मी शेगडीवर ते उकळत ठेवले आणि तिला म्हटलं, पोत्यातले चार कोळसे घाल. तिने पोत्यात हात घातला आणि थांबली.

"बाय, यो कोलसा कवाचा?"

"शिमग्यानंतर आलेला. दादासाहेब पाठवतात दर वर्षी."

तिने हात बाहेर काढला. पदराला पुसला. परत पुसला. मग खाली बसली आणि अगदी साध्या आवाजात, जसं भांडं फुटल्याचं सांगावं तसं, सांगायला लागली.

"माजा माणूस त्या भट्टीत गेला. रचल्या लाकडांवरची माती फुटली व्हती, धूर निंगत व्हता. आत इस्तव. कोनी चढंना. दादा तितंच खाटेवर बसलेला, पान खात. म्हनला, चढ रे, माती लाव, नायतर उद्यापासून येऊ नको. तो चढला. पाय आत गेला, मंग सगलाच गेला."

"आणि मग?"

"मंग काय? भट्टी थंड झाली तवा कोलसा काढला. आमीच काढला, आमच्या हातान. दादा म्हनला, माल वाया कशाला घालवायचा? पोत्यात भरला. ही पोती ती."

ताई, मी शिमग्यापासून त्या कोळशावर चहा करते आहे. ह्यांची भाकरी भाजते आहे. मानपत्राची शाई त्याच्यावरच उकळली. मी मोरीत जाऊन ओकले. पित्त पडलं तरी थांबेना. 

संध्याकाळी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तो दारू पिऊन पडला. पंचनाम्यात तसंच आहे." पंचनामा कुणी लिहिला? "मी," म्हणाले, आणि आमटी वाढ म्हणाले. मी वाढली. त्या माणसाचं नाव मला ह्यांच्या तोंडूनच कळलं, झिपरू. चिमी नाव घेत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, मेला तरी.

मानपत्रात एक ओळ आहे: 'कातकरी बांधवांचे मायबाप'. उलटी ठेवून पाहिली. उलटी सुद्धा वाचता येते मला.

यमू

*

शहापूर
७ डिसेंबर १९५८

यमू,

लिहू नकोस.

मागचं पत्र मी तुला शाळामास्तरणीसारखं लिहिलं. ती नानांची शिकवण होती आणि नानांनी कचेरीत जन्मभर दुसऱ्यांचे मजकूर लिहिले. न वाचता लिहिल्याशिवाय त्यांना ते जमलं नसतं, हे मला आज कळतं. रात्री जेवले नाही. आपल्या ओसरीवर ज्या अक्षराला आपण इतकं जपलं, त्याच्या अंगावर ही घाण चढणार या विचाराने अंगावर शहारा येतो.

हात दुखतो म्हणून सांग. ताप आला म्हणून सांग. शाई ओतून दे. परसात नको, तिथे झाडं आहेत.

गोदू

*

धसई
२० जानेवारी १९५९

प्रिय गोदूताई,

लिहिलं.

हे म्हणाले, "एक कागद लिहायला तुझं काय जातं? उद्या घर सोडा म्हणाले तर कुठे जायचं, तुझ्या बहिणीच्या ओसरीवर?"  तुझ्याकडे आहे का याचं उत्तर?

मजकूर उलटा ठेवला. एकेक अक्षर असं काढलं जसं मेलेल्या पालीला काडीने सरकवतात. आणि ऐक, सगळ्यात घाण गोष्ट ही, की अक्षर सुंदर आलं. इतकं सुंदर मला कधीच आलं नव्हतं. हात थरथरला नाही. 'क्ष' बसला. मला माझ्या हाताची किळस आली.

लिहायच्या आधी शाई पुन्हा केली. तिच्यात हिराकस घालताना तुझी चिमटी आठवत होती. पण हात थांबला नाही. डिंकही घातला नाही. त्याहून जास्त विचारू नकोस.

कागद खाटेवर वाळत ठेवला होता. चिमी भांडी घेऊन आली आणि उभीच राहिली. त्याच्याकडे बघत राहिली. "कवढा चांगला लिवलाय गो बाय. मुंग्यांची रांगच जशी. काय लिवलंय?"

मी काय सांगणार होते? तोंडातून गेलं, "देवाचं आहे."

तिने भांडी खाली ठेवली, ओले हात लुगड्याला पुसले आणि त्या कागदाला हात जोडले. डोकं टेकवलं, ताई. खाटेच्या कडेला.

सत्काराला मी गेले नाही. लोक म्हणे थांबून थांबून बघत होते. चौकटीत घालून वखारीतल्या बैठकीत लावलंय.

यमू

*

शहापूर
२८ जानेवारी १९५९

यमू,

नाही, त्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. आईची ओसरी तुझीच आहे हे मात्र तुझ्या यजमानांना सांग, टोमणा म्हणून नव्हे.

हिराकसचं मी विचारत नाही. समजलं.

पण त्या पोरीला देव म्हणून सांगितलंस ते मला गिळता येत नाही. ठेकेदाराची घाण बाहेरची होती, ही घरातली आहे. तू रडत बसू नकोस, त्याने काही होत नाही. तिला तो कागद सुंदर वाटला ना? मग तिला बोरू दे. निदान तेवढं तरी तुझ्या हातून स्वच्छ होऊ दे.

गोदू

*

धसई
१४ ऑगस्ट १९६१

प्रिय गोदूताई,

तू विचारतेस म्हणून. चिमी छान शिकते आहे. काळू नदीच्या काठचे बोरू तीच तोडून आणते, कोयतीने असा तिरका काप देते की नाना खूश झाले असते. भांडी झाली की समोर बसते. नानांचा कित्ता मी उलटा ठेवते आणि ती गिरवते. सबंध बाराखडी झाली. आता जोडाक्षरं. तिचं वळण आणि माझं वळण शेजारी ठेवलं तर हे सुद्धा फसतात.

"बाय, तुमी समोर बसला म्हंजे मला उलटाच दिसतो सगला," म्हणते. "सुलटा कवा दावणार?" मी हसून टाळते. म्हणते, ही आमच्या घरची रीत आहे.

आता कोळसा आम्ही घेत नाही. लाकडं आणते मी. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

यमू

*

शहापूर
२५ ऑगस्ट १९६१

यमू,

तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही. ती वाचते का?

दोन वर्षं झाली. तू अक्षर शिकवतेस आणि वाचायला शिकवत नाहीस? कित्ता उलटा ठेवतेस तो वळणासाठी, की तिने कधी वखारीत जाऊन तो कागद वाचू नये म्हणून? पोपटाला बोलायला शिकवतात, तसं तू तिला लिहायला शिकवते आहेस. शी! मला हे लिहितानाही लाज वाटते.

मी सहसा तुला रागावत नाही. आज रागावले आहे.

गोदू

*

धसई
३ सप्टेंबर १९६१

ताई,

ती गिरवते. तिला त्यात सुख आहे. तेवढं पुरे.

तो कागद कधीतरी संपेल. तोवर थांब.

यमू

*

धसई
२४ ऑक्टोबर १९६५

प्रिय गोदूताई,

चार वर्षं आपण एकमेकींना फक्त संक्रांतीची आणि मावशीच्या दुखण्याची पत्रं लिहिली. ती गेली तेव्हा मी आले, तेव्हाही या विषयावर बोललो नाही. आज सगळं लिहिते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वखारीतून दोघे जण ती चौकट घेऊन आले. दादासाहेब आता अंथरुणाला आहेत, कारभार मुलगा बघतो. "धाकटे दादा म्हणतात, मानपत्र खराब झालंय, वहिनींकडून नवं लिहून आणा." चौकट उघडून त्यांनी कागद माझ्या पाटावर ठेवला.

शाईने कागद खाल्ला होता. जिथे बोरू जाड टेकला होता तिथे चिरा पडल्या होत्या. 'मायबाप' गळून गेलं होतं, त्याचा काळा भुगा काचेला चिकटला होता. कडांना तपकिरी डाग, जसे जखमेच्या पट्टीला असतात. मी सात वर्षं याचीच वाट बघत होते. वाटलं होतं, एक दिवस कळेल की तो संपला, आणि मी सुटेन. तो कुठे संपला? परत घरी आला. मीच घातलेल्या हिराकसने त्याला माझ्या दारात आणून सोडलं.

चिमी पाटाच्या पलीकडे बसून बोरूंना काप देत होती. कागद माझ्याकडे सुलटा होता. म्हणजे तिच्याकडे उलटा.

"का... त... क... री," ती म्हणाली.

मला वाटलं मला भास झाला.

"बाय, यात आमचा नाव कशाला?"

त्या दोघांतला एक हसला. "अरे वा! वहिनींनी शाळा काढली की काय? कातकरीण वाचायला लागली!" दुसरा म्हणाला, "वाच वाच, पुढे वाच." तिने कोयती खाली ठेवली आणि वाचलं. भोकांवरून अडखळत, पण वाचलं. दीनांचे. कैवारी. श्रीमंत. दादासाहेब. मी तिला एक अक्षर कधी वाचायला शिकवलं नव्हतं. बाजारात पाट्या असतात, एस.टी.वर गावाची नावं असतात आणि कंडक्टर तीच ओरडत असतो, तिने ती मनातल्या मनात उलटी करून कित्त्याशी जुळवली होती. नानांनी शब्द दिसू नये म्हणून काढलेली रीत, तिच्या डोळ्यांना मात्र तीच वाट झाली.

मग ती माझ्याकडे बघायला लागली.

"यो तोच कागद. खाटेवर सुकत व्हता तो."

मी चिंधीने पाट पुसायला घेतला.

"देवाचा म्हनला व्हता तुमी. मी डोका टेकवला."

"हो."

"त्याला टेकवला मी. ज्यानं माज्या माणसाला..." ती उठली, चुलीतली राख घेतली आणि मोरीवर जाऊन हात घासायला लागली. कोपरापर्यंत. मग कपाळ. आतून तो राखेचा खरखर आवाज येत होता आणि ते दोघे चुळबुळत होते. एक म्हणाला, "मग कधी येऊ, वहिनी?"

मी म्हटलं, "येऊ नका. हे मी पुन्हा लिहिणार नाही."

"अहो, धाकटे दादा..."

"शाईने खाल्लं ते बरं झालं म्हणावं. उचला हा भुगा इथून."

हे दारात उभे होते. मला वाटलं ओरडतील. त्यांनी चौकट उचलून त्या दोघांच्या हातात दिली, एवढंच. रात्री न जेवता झोपले. तुळशीच्या लग्नापर्यंत घर सोडायचं आहे. ओसरीचा तो टोमणा खरा ठरायची वेळ आली, ताई. येऊ का?

चिमी बरेच दिवस आली नाही. मी भांडी घासायची, आणि पाटाकडे बघायची नाही. काल दुपारी आली. भांड्यांना हात लावला नाही, थेट समोर बसली. मी नानांचा कित्ता काढला. पहिल्यांदा सुलटा ठेवला.

तिने तो बोटाने दूर सरकवला. कसं सांगू तुला, अगदी तसाच, जसा मी दादासाहेबांनी हात लावलेला कागद चुलीत सरकवला होता.

"यो वलन नको."

"का गं?"

"त्या कागदाचा वलन योच."

मी म्हटलं, माझ्याकडे दुसरं वळण नाही. ताईचं मागवू का? मग लक्षात आलं, तुझंही तेच. नानांचंच. आपल्या सगळ्या घराण्याचं एकच वळण, आणि ते त्या भिंतीवर सात वर्षं टांगलेलं होतं. आपण दोघींनी जन्मभर जे जपलं, त्याची एका माणसाला किळस येते, आणि तिचं बरोबर आहे. हे लिहून मी तुला दुखवते आहे, कळतं मला. पण तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

"मंग माजा मी काढतंय," ती म्हणाली. मी शाईच्या दोन बाटल्या पुढे केल्या, हिरड्याची आणि काजळीची.

"कागद खात नाय ती कोनची?"

मी काजळीची दिली.

तिने बोरू धरला होता, टेकवत नव्हती. मग एकदम लिहिलं. काना वाकडा, वेलांटी टोपीसारखी भलतीच मोठी, शाई एका जागी गोळा झाली. आपल्या वळणाचं त्यात काही नाही. लिहिलं, बोट लावून एकदा पाहिलं, आणि तोंड फिरवून बसली. जे नाव तिने कधी तोंडाने घेतलं नाही, आणि घेणारही नाही, ते लिहिलं होतं.

ह्यांनी तेच नाव एकदा पंचनाम्यात फार सुबक अक्षरात लिहिलं होतं.

चिठोरं सोबत पाठवते आहे. तिला विचारून पाठवते आहे. म्हणाली, "शापूरच्या बायला दावा, पन परत आना." जपून ठेव.

ताई, ते उलटं धरून वळण बघू नकोस. सुलटं धर आणि वाच.

यमू